लाळेतला रक्तगट

रक्तदान शिबिरात सुई निघाली, कोपरात कापूस दाबून माणूस जरा आडवा पडला, की तो गप्पांना येतो. "माझा बी पॉझिटिव्ह. चांगला असतो ना हा?" असं विचारणारे दर शिबिरात भेटतात. रक्तगट चांगला-वाईट नसतो, वेळेला मिळाला की तोच चांगला, हे माझं ठरलेलं उत्तर. पण आताशा प्रश्न जरा वेगळ्या वळणाचे यायला लागलेत. नेरूळच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एक काका म्हणाले, "मॅडम, बीवाल्यांना गॅस्ट्रो होत नाही म्हणे. व्हॉट्सअॅपवर आलंय. आणि खरंच आहे ते. मागच्या महिन्यात आमच्याकडे दोन्ही मुलं आणि ही, सगळे ओवाले, सगळे आडवे. मी एकटा ठणठणीत."

शेजारच्या खुर्चीत काकू ग्लुकोजच्या बिस्किटाचा पुडा फोडत होत्या. त्या म्हणाल्या, "आडवी होऊनही सगळ्यांचं मीच केलं. बादल्या मी उचलल्या, चादरी मी धुतल्या. हे त्या खोलीकडे फिरकलेसुद्धा नाहीत. लागण होणार कशी?"

साथीच्या अभ्यासकांनी पानंच्या पानं खर्चून जे सांगितलं असतं, ते काकूंनी एका दमात सांगून टाकलं. गंमत अशी, की काकाही सपशेल चूक नव्हते. रक्तगटाचा आणि उलट्या-जुलाबांच्या विषाणूंचा संबंध खरोखरच आहे. फक्त तो काकांच्या डोनर कार्डावर लिहिलेला नाही.

रक्तपेढीत काम करणाऱ्यांना रक्तगट म्हणजे काय हे रंगांनी आठवतं. अँटी-ए निळं, अँटी-बी पिवळं. थेंबाशेजारी थेंब टाकायचा, काडीने फिरवायचं, गुठळ्या झाल्या की तो गट. दिवसभर हेच. ह्या गुठळ्या कशामुळे होतात, तर लाल पेशीच्या पृष्ठभागावरच्या साखरेमुळे. चहातली नव्हे, पण साखरच. आधी एका मूळ साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर जोडली जाते, त्याला एच अँटिजन म्हणतात. त्यावर आणखी एक साखर चढली तर ए, दुसरी चढली तर बी, दोन्ही प्रकार असले तर एबी, आणि काहीच चढलं नाही, नुसतं एच राहिलं, तर ओ. म्हणजे एच ही खुंटी, आणि ए-बी ह्या तिच्यावर टांगायच्या पिशव्या. ओ गटाच्या माणसाकडे काहीच नसतं असं लोक समजतात. उलट एच सगळ्यात जास्त त्याच्याकडेच असतं, रिकाम्या खुंट्याच खुंट्या.

ही खुंटी ठोकणारे एन्झाइम शरीरात दोन आहेत, आणि सगळी गोम तिथेच आहे. एफयूटी-1 ह्या जनुकाचं एन्झाइम लाल पेशींवर एच तयार करतं. एफयूटी-2चं एन्झाइम तोंडाच्या ग्रंथींत, घशात, आतड्याच्या अस्तरात तेच काम करतं. ज्याचं एफयूटी-2 चालू आहे, त्याच्या लाळेत आणि आतड्यात त्याचा रक्तगट सापडतो. त्याला आम्ही सिक्रीटर म्हणतो. ज्याचं ते बंद आहे, तो नॉन-सिक्रीटर. त्याच्या रक्तात ए किंवा बी ठळक असेल, पण लाळ कोरी. युरोपात साधारण पाचातला एक माणूस असा असतो, आणि आपल्याकडेही असे लोक शोधायला लांब जावं लागत नाही. त्याला स्वतःला ह्याचा पत्ताही नसतो, कारण रक्त देताना-घेताना ह्याने काही फरक पडत नाही. म्हणून आम्हीही तपासत नाही.

विषाणू मात्र नेमकं तेवढंच बघतो.

हे माझ्या डोक्यात नीट बसलं ते बॉम्बे गटामुळे. मुंबईच्या परिसरात रक्तपेढीत नोकरी करायची म्हणजे ह्या गटाशी कधी ना कधी गाठ पडणारच. साधारण दहा हजारांत एक असं त्याचं इथलं प्रमाण सांगतात. युरोपात ते दहा लाखांत एक इतकं विरळ. पहिल्यांदा समोर आला तेव्हा मी नवखी होते. एका बाईंचं ऑपरेशन ठरलेलं, रक्तगट ओ पॉझिटिव्ह असं लिहून आलेलं. निळ्यात गुठळी नाही, पिवळ्यात गुठळी नाही, म्हणजे ओच. मग रिव्हर्स ग्रूपिंग, म्हणजे पेशंटच्या सिरममध्ये आपल्याकडच्या माहीत असलेल्या पेशी टाकून बघायचं. ए पेशींना गुठळ्या, बी पेशींना गुठळ्या, इथवर बरोबर. पण ओ पेशींनाही तशाच घट्ट गुठळ्या, ट्यूब हलवली तरी न सुटणाऱ्या. ओ माणसाचं सिरम ओ पेशींवर उठत नाही. आमच्या सीनियर सरांनी ट्यूब उजेडात धरली आणि म्हणाले, "लेक्टिन काढ."

हे लेक्टिन युलेक्स युरोपियस नावाच्या काटेरी, पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या बियांपासून काढतात. झुडूप युरोपातलं. निलगिरीत इंग्रजांनी आणलं आणि आता तिथे ते तणासारखं माजलंय. उटीला सहलीला गेलेल्यांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटोही काढले असतील. ह्याच्या बियांतलं प्रथिन एच ओळखतं, ओ पेशींना झटकन धरतं. त्या बाईंच्या पेशींना त्याने हातही लावला नाही. खुंटीच नव्हती. खुंटी नाही म्हणून ए नाही, बी नाही, आणि एचसुद्धा नाही. म्हणून आपल्या नेहमीच्या तपासणीत ती व्यक्ती ओ वाटते, आणि ओचं रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं. नमुना परळला पाठवला, केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत. आयसीएमआरची ही संस्था 1957 साली ब्लड ग्रूप रेफरन्स सेंटर म्हणून सुरू झाली, आणि असा अडलेला नमुना आम्ही तिकडेच पाठवतो.

ह्या गटाचा शोध त्याच परळमधला. केईएममध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया ह्यांच्यासमोर अशी रक्तं आली, की कुणाचंच रक्त त्यांना जुळेना. 1952 साली 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला, त्यावर ह्या तिघांच्या जोडीला लंडनच्या चौघांची नावं आहेत: रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. रक्तगट हा साखरेचा मामला आहे हे ज्यांनी उलगडलं, त्यांत मॉर्गन आणि वॉटकिन्स अग्रणी. शिकवायला मी हाच निबंध घेते. तो आपल्या गावचा आहे हे एक कारण. दुसरं म्हणजे ए आणि बीच्या खाली एच असतं, हे एच नसलेल्या माणसांनीच जगाला दाखवलं.

आता मुद्द्यावर. भारतातल्या बॉम्बे गटाच्या लोकांत एफयूटी-1मध्ये एक अक्षर बदललेलं असतं आणि शेजारचं एफयूटी-2 जवळजवळ आख्खंच गळून गेलेलं असतं. दोन्ही जनुकं 19व्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून आहेत, म्हणून हा जोडदोष पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच चालत येतो. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन्ही प्रती सदोष आल्या तरच गट उमटतो. नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत त्याची शक्यता वाढते. म्हणजे बॉम्बे गटाच्या माणसाच्या रक्तातही खुंटी नाही आणि आतड्यातही नाही. रक्त लागलं तर अख्ख्या शहरात त्याला दाता मिळायची मारामार. 2024 मध्ये शिर्डीहून एक फूलविक्रेते इंदूरच्या एका पेशंटसाठी गाडीने चारशेहून जास्त किलोमीटर गेले, त्याची बातमी झाली होती; अशा धावपळी बातमीशिवायही चालू असतात. पण तोच माणूस एका विषाणूच्या दृष्टीने बंद घर आहे.

त्या विषाणूची गोष्ट ओहायोतल्या नॉरवॉक गावातली. 1968 साली तिथल्या प्राथमिक शाळेत उलट्यांची साथ आली. पोरं आजारी, शिक्षक आजारी, घरी गेल्यावर घरचेही आजारी. जंतू काही सापडेनात. चार वर्षांनी, 1972 मध्ये, अल्बर्ट कपिकियन ह्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली जपून ठेवलेल्या नमुन्यात विषाणू पाहिला. तोच पुढे नोरोव्हायरस. प्रयोगशाळेत तो काही केल्या वाढेना, तेव्हा संशोधकांनी स्वयंसेवकांनाच तो प्यायला दिला. रुग्णाच्या शौचाचा गाळलेला अर्क, माणसांनी, समजून-उमजून. विज्ञानासाठी लोक काय काय करतात, ह्याची यादी केली तर हे बरंच वर येईल.

1977 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 12 स्वयंसेवकांना हा अर्क दिला. सहा आजारी पडले, सहांना काही झालं नाही. दोन-तीन वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा दिला. तेच सहा पुन्हा आजारी, तेच सहा पुन्हा धड. विचित्र म्हणजे आजारी पडणाऱ्यांच्या रक्तात ह्या विषाणूविरुद्धची अँटिबॉडी भरपूर होती, आणि धड राहणाऱ्यांकडे फारशी नव्हतीच. आपण शिकलेलो असतो की अँटिबॉडी असेल तर संरक्षण. इथे सगळं उलटं. कित्येक वर्षं ह्याचं उत्तर नव्हतं. धड राहणाऱ्यांच्या शरीरात विषाणूला शिरकावच मिळत नसेल तर अँटिबॉडी तयार व्हायला कारणच नाही, हे आज सोपं वाटतं.

उत्तर 2002-03च्या सुमाराला हाती आलं. नोरोव्हायरसच्या बाह्य कवचाचा एक भाग आतड्यातल्या रक्तगटाच्या साखरेला चिकटतो, असं फ्रान्समधल्या आणि अमेरिकेतल्या गटांनी दाखवलं. 2003 साली 'नेचर मेडिसिन'मध्ये लिसा लिंडस्मिथ आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. 77 स्वयंसेवक, त्यांतले 29 टक्के नॉन-सिक्रीटर. मात्रा कितीही वाढवली तरी नॉन-सिक्रीटरांपैकी एकालाही नॉरवॉक विषाणूची लागण झाली नाही. सिक्रीटरांपैकीही सगळ्यांना झाली नाही, हेही लक्षात ठेवायचं. दार उघडं असलं म्हणून प्रत्येक वेळी कुणी आत शिरतोच असं नाही.

आणि काकांचा बी? तोही ह्यात आहे. नॉरवॉक विषाणू एच आणि ए यांना धरतो, बीला नीट धरत नाही. स्वयंसेवकांच्या प्रयोगांत ओ गटाचे जास्त आजारी पडले आणि बीवाले कमी, हे 2002 मध्येच दिसलं होतं. व्हॉट्सअॅपवरची ओळ बहुधा तिथूनच घरंगळत आली असावी. पण नॉरवॉक हा एका मोठ्या कुळातला एकच गडी आहे. जगभर गेली काही दशकं सर्वांत जास्त साथी ज्याने आणल्या, तो जीटू-फोर नावाचा प्रकार ए, बी, एच सगळ्यांना धरतो. कवचाची ती चिकटणारी जागा तो दर काही वर्षांनी थोडीशी बदलतो आणि नव्या नावाने हिंडतो. 2012 मध्ये सिडनीत सापडलेला प्रकार असाच जगभर पसरला. बीचं कवच त्याच्यापुढे चालत नाही. काकांना हे सांगितलं तेव्हा काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

नवी मुंबईत गॅस्ट्रो म्हटलं की लोक आधी पाण्याकडे बघतात, आणि पावसाळ्यात ते बरोबरही असतं. मोरबे धरणाचं पाणी शहराला येतं, पण गावठाणातल्या जुन्या जोडण्या, झोपडपट्टीतल्या गटाराशेजारून गेलेल्या नळ्या, पाणी गेल्यावर आत ओढली जाणारी घाण, हे सगळं जूनपासून सुरू होतं. नोरोव्हायरसला मात्र पाण्याचीच गरज नसते. अगदी थोडे कण पुरतात, काही डझन ते शंभर म्हणतात, आणि एका उलटीतून ते किती उडतात त्याची गणतीच नको. त्याला चरबीचं वेष्टण नाही, म्हणून अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याच्यावर बेताचंच चालतं. साबण, वाहतं पाणी आणि ब्लीच. कोविडनंतर सगळ्यांना बाटलीतल्या जेलची सवय लागली आहे, आणि हात धुवायला बेसिनपर्यंत जायचा कंटाळा.

आमच्याकडच्या कर्मचाऱ्यांत एका थंडीत अशीच साथ आली. कुणाचा तरी वाढदिवस झाला, केक कापला गेला, आणि पुढच्या दोन दिवसांत ड्युटी चार्टावर फुल्याच फुल्या. सलाइन लावणारेच सलाइन लावून पडले. कुठला विषाणू, की विषाणूच नव्हे, ते कळलं नाही. स्टूल रूटीन झाली, कल्चर झालं, काही आलं नाही. विषाणूंचं पॅनेल महाग, आणि माणसं तोवर बरी झालेली. आपल्याकडे गॅस्ट्रोच्या बहुतेक साथी अशाच बेनाव संपतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम भारतातल्या मुलांच्या नमुन्यांत नोरोव्हायरस शोधून, त्याचे प्रकार ओळखून छापलं आहे, म्हणजे तो इथे आहे हे नक्की. पण नेहमीच्या लॅबमध्ये तो शोधायला कुणी बसत नाही.

त्याच सुमाराला डीएमएलटीची मुलं शिकायला आली होती. त्यांना लाळेची तपासणी दाखवायची होती, आणि राजीखुशीने लाळ द्यायला कर्मचारी तयार होते, कारण प्रत्येकाला आपण का पडलो किंवा का वाचलो ते जाणून घ्यायचं होतं. ही तपासणी आता क्वचितच करतात. च्युइंगगम नाही, चहा नाही, तोंड स्वच्छ धुऊन ट्यूबमध्ये दोन-तीन मिली लाळ जमवायची. आमचे वॉर्डबॉय मामा म्हणाले, "थुंकू नका म्हणून भिंतीवर पाट्या लावता, आणि आज थुंका म्हणून ट्यूब देता." मग त्या ट्यूबा उकळत्या पाण्यात दहा मिनिटं. लाळेतली एन्झाइम मेली पाहिजेत, नाहीतर ती साखरेचे लचके तोडतात. उकळलेल्या लाळेचा वास कसा असतो ते सांगत नाही. एक मुलगी बाहेर जाऊन आली एवढं पुरे. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की गाळ खाली बसतो आणि वर जरासं दुधाळ, पण निवळ पाणी राहतं. ते वेगळं काढायचं. त्यात ठरावीक ताकदीचं लेक्टिन घालायचं, थोडा वेळ ठेवायचं, मग ओ पेशी.

इथे मुलांचा नेहमी गोंधळ होतो, कारण उत्तर उलटं वाचायचं असतं. लाळेत एच असेल तर लेक्टिन आधीच तिथे गुंतून जातं आणि पेशींसाठी उरत नाही. म्हणून गुठळी झाली नाही तर माणूस सिक्रीटर. गुठळी झाली तर लाळ कोरी, नॉन-सिक्रीटर. एकीकडे मिठाच्या पाण्याची कंट्रोल ट्यूब ठेवतो, तिच्यात गुठळी दिसलीच पाहिजे, नाहीतर सगळंच फुकट.

मामा म्हणजे साथीत एकदाही न पडणारा गडी. सगळ्यांची खात्री होती की मामांची लाळ कोरी निघणार. ट्यूब हळूच तिरकी केली. पेशी धुरासारख्या सरळ वर उठल्या, एकही गुठळी नाही. सिक्रीटर, आणि पक्के. आणि आमची एक सिस्टर, जिला दोन बाटल्या लागल्या होत्या, तिच्या ट्यूबमध्ये तळाशी घट्ट लाल बटण. नॉन-सिक्रीटर.

मुलं माझ्याकडे बघायला लागली. मला मात्र ह्याहून चांगला धडा मिळाला नसता. साथीचं नाव माहीत नसताना लाळेवरून निष्कर्ष काढायचा नाही. नोरोव्हायरसचे काही प्रकार नॉन-सिक्रीटरांनाही धरतात, हे प्रसिद्ध झालेलं आहे. तो केकमधल्या जिवाणूंचा उद्योग असेल तर रक्तगटाचा प्रश्नच येत नाही. आणि मामांचं काय, तर मामा माळकरी. अंड्याचा केक त्यांना वर्ज्य, डबा घरचा, आणि जेवणाआधी कोपरापर्यंत साबण लावायची सवय त्यांना कुणी विज्ञान शिकवून लावलेली नाही. त्यांचं एफयूटी-2 ठणठणीत चालू आहे आणि त्यांना त्याची फिकीर नाही.

रोटाव्हायरसचं थोडक्यात सांगते, कारण तो लहान मुलांच्या डॉक्टरांचा प्रांत. त्याच्या काट्यांच्या टोकावरचं प्रथिनही ह्याच साखरांना धरतं. मुलांत सर्वत्र आढळणारा पी-आठ हा प्रकार सिक्रीटर मुलांना जास्त गाठतो. बुर्किना फासोतल्या एका अभ्यासात तर पी-आठची सगळी मुलं सिक्रीटर निघाली होती, आणि पी-सहा हा दुसरा प्रकार मात्र वेगळ्याच मुलांना धरत होता. त्यामुळे पी-आठवर बेतलेली तोंडावाटे द्यायची लस काही नॉन-सिक्रीटर बाळांत कमी रुजते, असंही दिसलं आहे. लशीतला विषाणू जिवंत असतो, त्यालाही तेच दार लागतं. आपली रोटावॅक 116ई ह्या विषाणूपासून केली. तो दिल्लीच्या एम्समध्ये 1980च्या दशकात नवजात बाळांत सापडला, आणि त्या बाळांना आजाराचं लक्षणही नव्हतं. तो पी-अकरा प्रकारचा. खुंटी ठोकण्याआधीची जी कच्ची साखळी असते तिला तो धरतो, आणि अशी साखळी तान्ह्या बाळांच्या आतड्यात मुबलक असते. 2016 पासून रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडात थेंब. रक्तगट बघून लस द्यायची नसते हे सांगायला नको, पण विचारतात लोक, म्हणून सांगितलं.

सिक्रीटर आईच्या दुधातही ह्याच जातीच्या मोकळ्या साखरा असतात, आणि विषाणू आतड्याऐवजी त्यांनाच चिकटला तर बाळाचं फावतं, असा अंदाज आहे. पण दूध कुठल्याही आईचं चांगलंच. आणि नॉन-सिक्रीटर असणं म्हणजे नुसती मज्जा असंही नाही. लघवीच्या मार्गाचा संसर्ग वारंवार होणाऱ्या बायकांत नॉन-सिक्रीटर जास्त आढळतात. क्रोन्स ह्या आतड्याच्या चिवट दुखण्याशीही बंद एफयूटी-2चा संबंध लावला गेला आहे.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडणारा नमुना पॅरा-बॉम्बेचा. मध्यंतरी असा एक आला. टेबलावर तो बॉम्बेसारखाच वाटतो: लाल पेशींवर लेक्टिन चालत नाही, सगळे म्हणतात सापडला एक बॉम्बे. पण लाळ उकळली, लेक्टिन घातलं, ओ पेशी टाकल्या, आणि गुठळी नाही. म्हणजे लाळेत एच आहे. त्याचं एफयूटी-1 बंद, एफयूटी-2 चालू. रक्तात खुंटी नाही, आतड्यात आहे. रक्तपेढीच्या वहीत तो आणि बॉम्बे जवळजवळ एकाच पानावर येतात, दोघांसाठीही रक्त शोधताना घाम फुटतो. नॉरवॉक विषाणूच्या लेखी ते दोघे दोन टोकांचे: एकाकडे दार उघडं, दुसऱ्याकडे भिंत. आम्ही आयुष्यभर ज्या लाल थेंबाकडे बघून माणसाचा गट ठरवतो, तो थेंब ह्या विषाणूला कधी दिसतच नाही. तो तोंडावाटे येतो आणि आतड्यातच राहतो. तिथे त्या माणसाची ओळख काय आहे, हे आमच्या कार्डावर छापायला जागाच नाही. मला वाटतं ती नसलेलीच बरी. नाहीतर "नॉन-सिक्रीटर" छापलेलं कार्ड खिशात घालून लोक हात न धुता पाणीपुरीच्या गाडीवर उभे राहतील.

परवाचीच गोष्ट. एका बाळंतिणीला बॉम्बेचं रक्त हवं होतं. आमच्या यादीत पनवेलकडच्या एक ताई आहेत, दरवेळी हाकेला येणाऱ्या. फोन केला तर आवाजच खोल गेलेला. "मॅडम, दोन दिवस पोट बिघडलंय हो. हळदीला जेवले होते गावात. घरातले निम्मे तसेच." ज्या बाईच्या आतड्यात नॉरवॉक विषाणूला पाय ठेवायला जागा नाही, ती पोट धरून झोपलेली. हळदीच्या मटणात बाराच्या उन्हात वाढलेला जिवाणू असेल, त्याचं विष असेल. त्याला कुठली खुंटी लागत नाही. पोट बिघडलेल्या माणसाचं रक्त घेत नाही आम्ही, पूर्ण बरं झाल्यावर काही दिवस थांबावं लागतं. मी ओआरएस घ्या, पाणी उकळून प्या, एवढंच सांगितलं.

फोन ठेवायच्या आत त्याच म्हणाल्या, "माझा भाऊ आहे ना उरणला. त्याचाही तोच गट. मागे परळला तपासला होता." सख्ख्या भावंडांत हा गट मिळायची शक्यता चारात एक, बॉम्बेवाल्याचं घर शोधताना आम्ही म्हणूनच आधी भावंडांकडे वळतो. भाऊ दुपारच्या लोकलने नेरूळला उतरला, रिक्षा करून आला. हिमोग्लोबिन बघितलं, बीपी बघितलं, फॉर्मवर उलट्या-जुलाब ह्या रकान्यात 'नाही' लिहिलं. हळदीला गेला नव्हतात का, म्हणून मी विचारलं.

"कामावर होतो," तो म्हणाला. बाही वर सरकवून सुईकडे एकदा बघितलं आणि मान दुसरीकडे फिरवली. "मटण तिने खाल्लं आणि टोचायचं मला."

बॅग भरायला सात-आठ मिनिटं लागली.